दोन वर्गांची ओळख : शहर-गाव शाळाजोडीमागचा इतिहास

शहरातल्या शाळेतला तिसरी-चौथीचा एखादा वर्ग आणि खेड्यातला तसाच एक वर्ग एकमेकांना पत्रं लिहितात, व्हिडिओ कॉलवर बोलतात, जमलं तर एकमेकांच्या शाळेत जाऊन येतात. हे उपक्रम अलीकडचे वाटतात, पण वर्गा-वर्गांतल्या अशा पत्रव्यवहाराला जवळपास शंभर वर्षं झाली. त्याआधी शहर गावाकडे एकतर्फीच पाहत होतं. ती सवय अजूनही पुरती गेलेली नाही.

या एकतर्फी पाहण्याची सुरुवात मोजमापाने झाली. शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना आधीपासून काय माहीत असतं, याची पाहणी १८७० च्या सुमारास बर्लिनच्या शिक्षकांनी केली. १८७९ मध्ये कार्ल लांगे यांनी जर्मनीतल्या प्लाउएन शहरातली मुलं आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं यांची तुलना केली, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १८८३ मध्ये बॉस्टनच्या मुलांवरचा अभ्यास छापला. तिथल्या ८० टक्के मुलांना मधमाश्यांचं पोळं म्हणजे काय ते सांगता आलं नाही, ५४ टक्क्यांना मेंढी ठाऊक नव्हती आणि १८ टक्क्यांहून अधिक मुलांना गायसुद्धा. या आकड्यांवरून निष्कर्ष निघाला तो असा, की शहरातल्या मुलाला काही दिवस गावी न्यावं.

त्यात चूक काहीच नव्हती. पुढे जर्मनीत शाळांनी गावाकडे निवासी घरं उभारली, १९५३ मध्ये पॅरिसजवळच्या व्हाँव्हमधला एक वर्ग शिक्षकांसह बर्फाळ डोंगरात जाऊन राहिला, आणि १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात शहरी मुलांना आठवडाभर शेतावर राबायला बोलावणारी संस्था सुरू झाली. मुलांचं भलंच झालं. पण या सगळ्या धारेत गाव म्हणजे गायी, चिखल आणि मोकळी हवा. तिथेही शाळा आहे, तिथल्या मुलांनाही काही विचारायचं असेल, हे कुणाच्या फारसं डोक्यात येत नाही.

ही चौकट मोडली ती फ्रान्सच्या दक्षिणेतल्या बार-स्यूर-लू या डोंगरगावातल्या प्राथमिक शिक्षकाने. सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम होऊन परतले होते. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात हाताने चालवायचा छोटा छापखाना आणला. मुलं आपल्या मनाने मजकूर लिहायची, त्यातला एक वर्ग मिळून निवडायचा, दुरुस्त करायचा, आणि मग अक्षरांचा एकेक खिळा जुळवून तो छापायचा. पण छापलेलं वाचणार कोण? १९२६ च्या सुमारास फ्रान्सच्याच वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँक इथले शिक्षक रने दानिएल यांच्याशी त्यांनी संधान बांधलं आणि दोन्ही वर्गांचे छापील कागद नियमाने ये-जा करू लागले. फ्रेने यांनी नोंदवलं आहे की त्यांचे विद्यार्थी मनाने त्रेगँकच्या मुलांबरोबर मासेमारीला जायचे, वादळाच्या दिवशी त्यांच्यासाठी घाबरायचे.

ही दोन्ही गावंच होती, शहर त्यात नव्हतं. तरी पद्धत पक्की झाली ती इथेच. दूरच्या मुलाला कळावं म्हणून लिहायचं म्हटलं की रोजच्या सवयीचीही नीट फोड करून सांगावी लागते, आणि ती सांगताना आपल्याच गावाकडे नव्याने बघावं लागतं. शिवाय दोन्ही बाजूंना लिहावंही लागतं आणि वाचावंही. कुणी नुसता प्रेक्षक उरत नाही.

नुसतं एकत्र आणून काय होतं, हे ब्रिटनने १९३९ मध्ये पाहिलं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने १ सप्टेंबरपासून काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोक शहरांतून सुरक्षित भागांत, बरेचसे खेड्यांत, हलवले गेले. त्यांत ८ लाखांहून अधिक शाळकरी मुलं होती. उवा, फाटके कपडे आणि अंथरूण ओलं करणारी मुलं पाहून गावची घरं हादरली. वीज नसलेली घरं आणि परसातले संडास पाहून शहरी मुलं. शहरातल्या गरिबीची देशभर चर्चा झाली, ती बऱ्याच अंशी या धक्क्यामुळे. शाळांची तर गंमतच होती. इमारती अपुऱ्या, म्हणून अनेक ठिकाणी सकाळी गावची मुलं आणि दुपारी पाहुणी मुलं, अशा दोन पाळ्या लागल्या. बाक तेच, फळा तोच, आणि भेट मात्र नाही. हल्ले लगेच सुरू झाले नाहीत, तेव्हा १९४० च्या जानेवारीपर्यंत बरीच मुलं घरी परतलीही.

केवळ संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं. दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा, या त्यांच्या अटी. पाळ्यांच्या शाळेत यातल्या पहिल्या तीन अटींना जागाच नव्हती. फ्रेने यांच्या वर्गाने त्या ऑलपोर्ट यांच्या कितीतरी आधी पाळल्या होत्या.

फ्रेने यांचा वारसा इटलीत मारिओ लोदी या शिक्षकाने चालवला. १९६३ मध्ये ते फ्लोरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या वस्तीवर पाद्री लोरेन्झो मिलानी यांची शाळा पाहायला गेले. त्यातून तिथली मुलं आणि लोदी यांची पियादेनामधली मुलं यांच्यात पत्रं सुरू झाली. बार्बियानाची मुलं पत्र मिळून लिहायची. सुचलेला मुद्दा चिठ्ठीवर टिपायचा, चिठ्ठ्यांच्या थप्प्या लावायच्या, मग त्यांतून परिच्छेद बांधायचे. याच रीतीने त्यांनी १९६७ मध्ये एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिलं आणि डॉक्टरच्या मुलाला पुढे नेणारी शाळा शेतकऱ्याच्या मुलाला नापास कशी करते, याचा हिशेब मांडला. इथे प्रश्न विचारणारी बाजू गावाची होती. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत धीट पायरी हीच, आणि आजच्या गोडगोड शाळाजोड्यांत ती क्वचितच दिसते.

पुढचं संगणकाचं पर्व थोडक्यात आटपतं. २००५ मध्ये युरोपीय संघाने ई-ट्विनिंग हा शाळांना इंटरनेटवरून जोडणारा उपक्रम सुरू केला. त्यात प्रकल्प एकट्या शिक्षकाला काढता येत नाही, संस्थापक म्हणून दोन शिक्षक लागतात. टपालाची वाट पाहणं संपलं, पण थेट कॉलवर नवी विषमता आली. ज्या शाळेचं नेट कच्चं, ती बहुतेक वेळ ऐकत बसते, कारण तिचा आवाज तुटत जातो. त्यावर साधा तोडगा म्हणजे कॉल कमी करून दोन्हीकडच्या मुलांनी आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि हाताने लिहिलेली पत्रं पाठवणं.