चित्र पळू नये म्हणून

जुन्या डबा टीव्हीला ‘व्ही-होल्ड’ नावाचं एक बटण असायचं. सिनेमा ऐन रंगात आला की चित्र वर पळायला लागायचं. मग घरातलं एक जण टीव्हीमागे हात घालून बटण हळूहळू फिरवायचं आणि दुसरं समोरून ‘बस, बस, आलं’ म्हणून सांगायचं. त्या बटणाने नेमकं काय जागेवर यायचं, ते मला कळलं फार उशिरा, जुने गेम कन्सोल एका टीव्हीला जोडताना.

पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकाखाली एक रेघा ओढतो. जपान-अमेरिकेतल्या कन्सोलसाठी सेकंदाला सुमारे १५,७३४ रेघा, म्हणजे एका रेघेला ६३.५ मायक्रोसेकंद. झोत मागे कधी फिरवायचा याचा टीव्हीला स्वतःचा ठेका असतो, पण तो ढोबळ. म्हणून सिग्नल दर रेघेला व्होल्टेज काळ्या रंगाच्याही खाली नेतो, ०.३ व्होल्टने, जेमतेम ४.७ मायक्रोसेकंद. हाच सिंक. व्होल्टेजमधल्या अशा प्रत्येक क्षणिक खड्ड्याला पल्स म्हणतात. पडदा खालपर्यंत भरला की याहून रुंद पल्स येतात आणि झोत पुन्हा वर जातो. व्ही-होल्डने आपण टीव्हीचा ठेका या पल्सच्या जवळ आणायचो. मग पल्स त्याला धरून ठेवायचा.

कन्सोल जोडताना सगळे रंगांबद्दल बोलतात. मला मात्र सिंक आधी विचारावासा वाटतो. युरोपातल्या २१ पिनांच्या स्कार्ट जोडणीत लाल, हिरवा, निळा यांच्या तारा वेगळ्या असतात आणि सिंक विसाव्या पिनेवरून टीव्हीत शिरतो. पण त्या तारेवर बऱ्याचदा अख्खं कॉम्पोझिट चित्र, म्हणजे उजेड, रंग आणि सिंक एकत्र मिसळलेला सिग्नल, चाललेलं असतं. टीव्ही त्यातले फक्त खड्डे वेचून घेतो. उरलेलं चित्र, विशेषतः त्यातली रंगाची ३.५८ मेगाहर्ट्‌झची लहर, स्वस्त केबलमध्ये शेजारच्या तारांत झिरपते. गेममधल्या सपाट निळ्या आकाशावर बारीक चौकड्या दिसतात, त्या यामुळे. सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा कन्सोल नुसते सिंक पल्स वेगळे देतो. तसली केबल मिळाली तर तीच घ्यावी. मात्र असा सिंक कधी कधी ४-५ व्होल्टच्या डिजिटल पातळीचा असतो. केबलमध्ये योग्य रेझिस्टर (रोध) नसेल, तर ०.३ व्होल्टची अपेक्षा असलेल्या यंत्राला तो सोसेलच असं नाही.

सिंक गाळून काढणारी एलएम१८८१ नावाची चिप बरेच जण टीव्हीच्या टोकाला लावतात. त्याने पल्स स्वच्छ होतो, पण केबलमध्ये आधीच झिरपलेलं काही परत येत नाही. गाळणी कन्सोलच्या टोकाला हवी.

आता स्विच, म्हणजे अनेक कन्सोल एकाच टीव्हीला जोडणारी डबी. कन्सोल २ व्होल्ट तयार करतो. त्यातला निम्मा स्वतःच्या ७५ ओहमच्या रोधात खर्च होतो, निम्मा टीव्हीतल्या ७५ ओहमवर पडतो: ०.७ व्होल्ट चित्राचे, ०.३ सिंकचे. तारा नुसत्या एकत्र जोडणाऱ्या डबीत दुसरा कन्सोल बंद असला तरी त्याचा रोध तारेला लोंबकळत राहतो. टीव्हीच्या जागी आता ३७.५ ओहम आले, आणि १ व्होल्टचे ०.६७ झाले. चित्र मंद होतं, सिंक ०.२ वर येतो. आणखी एक कन्सोल जोडा, तर एकूण अर्धा व्होल्ट उरतो. एलएम१८८१ ला निदान एवढा तरी लागतोच. त्यात दोन कन्सोल एकदम चालू राहिले, तर दोन वेगळे ठेके एकाच तारेवर भांडतात आणि पडदा फाटल्यासारखा होतो.

म्हणून स्विच घेताना निवड बदलल्यावर सिंकची तारही खरोखर तुटते का, हे आधी पाहावं. रंगांच्या तारा बदलून सिंक आणि ग्राउंड (परतीची तार) सामायिक ठेवणाऱ्या एका डबीने माझ्या कित्येक संध्याकाळी खाल्ल्या; मी टीव्हीलाच दोष देत होतो. प्रत्येक वाटेवर छोटा अँप्लिफायर असलेला स्विच महाग पडतो, पण त्यात एका कन्सोलचा भार दुसऱ्यावर येत नाही. त्यातले काही स्वयंचलित असतात. कोणता कन्सोल चालू झाला हे ते ओळखतात, तेही विसाव्या पिनेच्या तारेवर पल्स येऊ लागले का, हे बघून.