एडीयू की जेएडीयू? आधी बाथरूम कोणाचं ते ठरवा

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट-सनीव्हेलकडे घर असलेल्या मराठी कुटुंबांत एक बेत हमखास शिजतो. आई-बाबा वर्षातले काही महिने इकडे असतात, जिने चढणं त्यांना आता नकोसं होतं, तर गॅरेजचंच घर करून टाकू. मग कोणी म्हणतं एडीयू (ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणजे मुख्य घराच्या जोडीचं दुसरं घर) काढा, कोणी म्हणतं जेएडीयू, म्हणजे ‘ज्युनियर’ एडीयू, स्वस्तात पडतं. ऐकणाऱ्याला वाटतं की जेएडीयू म्हणजे कमी चौरस फुटांचं एडीयू. पण 400 चौरस फुटांचं एडीयू असू शकतं आणि 500 चौरस फुटांचं जेएडीयू. खरा प्रश्न आहे तो ही जागा तुमच्या घरापासून कायद्याने किती सुटी झाली, हा.

फ्रीमाँट हे 1956 साली पाच गावं एकत्र करून झालेलं शहर. त्याचा बराच भाग ‘सिंगल-फॅमिली’ झोनमध्ये येतो, म्हणजे मूळ हिशेब एका प्लॉटवर एक घर असाच होता. तो हिशेब शहराने नाही, राज्याने मोडला. 2017 पासून, आणि 2020 पासून तर फारच ठामपणे, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शहरांचे हात बांधले. एडीयू किंवा जेएडीयूसाठी नियमांत बसणारा अर्ज आला की शहराने पूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यायचा. जाहीर सुनावणी नाही, शेजाऱ्याच्या हरकतीला किंमत नाही. सिंगल-फॅमिली प्लॉटवरच्या घरमालक संघटनेलाही, म्हणजे एचओएला, सरसकट मनाई करता येत नाही. इथवर दोघांचं सारखंच.

एडीयू हे त्याच प्लॉटवरचं स्वयंपूर्ण दुसरं घर. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं बाथरूम, स्वतःचं दार. ते परसात सुटं बांधा, घराला जोडून बांधा, किंवा गॅरेजचं करा. सुटं असेल तर 1,200 चौरस फुटांपर्यंत जाता येतं. प्लॉट किती व्यापला गेला वगैरे शहराचे नियम आडवे आले तरी 800 चौरस फुटांचं एडीयू, बाजूने आणि मागून चार-चार फूट सोडून, शहराला अडवता येत नाही. 750 चौरस फुटांपर्यंत इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर पडणारा भार म्हणून घेतलं जाणारं शुल्क, तेही लागत नाही. नवं सुटं एडीयू बांधलंत तर मात्र ऊर्जा नियमांनुसार सोलर पॅनेलचा खर्च सहसा बोकांडी बसतो. कंत्राटदाराच्या पहिल्या कोटेशनमध्ये तो धरलाय का, ते विचारून घ्या.

जेएडीयू घराच्या भिंतींच्या आतच हवं. जोडून असलेलं गॅरेज त्या भिंतींत धरतात; परसातलं सुटं गॅरेज धरत नाहीत, त्यामुळे त्याचं जेएडीयू होणार नाही. कमाल आकार 500 चौरस फूट. बाहेरून वेगळं दार लागतं. पूर्ण स्वयंपाकघर लागत नाही. स्वयंपाकाचं एखादं उपकरण, ओटा आणि कपाटं एवढं पुरतं. (इंडक्शनवर फोडणी होते, पण धुराची सोय नकाशातच करून घ्या. नंतर भिंत फोडत बसण्याची हौस कोणाला नसते.) बाथरूम मुख्य घराशी सामाईक चालतं, पण मग आतून घरात जायचं दारही ठेवावं लागतं. शिवाय एक करारनामा नोंदवावा लागतो: ही जागा वेगळी विकणार नाही, आकार वाढवणार नाही.

आता इथल्या जुन्या बैठ्या घरांत दिसतं तसं, जोडून असलेलं दोन गाड्यांचं गॅरेज घ्या. 20 बाय 20 फूट, म्हणजे 400 चौरस फूट. याच गॅरेजचं एडीयूही होतं आणि जेएडीयूही. भिंती त्याच, छप्पर तेच, खिडकीही तिथेच. तरी कागद बदलला की परिणाम बदलतात.

पहिला परिणाम पार्किंगचा, आणि तो बऱ्याच जणांना उलटा वाटतो. गॅरेजचं एडीयू केलंत तर गेलेल्या पार्किंगची भरपाई शहर मागू शकत नाही. जेएडीयू केलंत तर मागू शकतं. ड्राइव्ह-वे आखूड असेल तर ‘धाकटं’ म्हणून निवडलेला पर्यायच अडचणीचा ठरेल.

दुसरा परिणाम मालकाने राहण्याचा, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. एडीयू असलेल्या घरात मालकाने राहिलंच पाहिजे अशी अट शहराला घालता येत नाही. उद्या नोकरी ऑस्टिनला गेली तर मुख्य घर एका कुटुंबाला आणि एडीयू दुसऱ्याला भाड्याने देता येतं. जेएडीयूचं बाथरूम सामाईक असेल तर मालकाने तिथेच राहावं लागतं, मुख्य घरात किंवा खुद्द जेएडीयूमध्ये. पूर्वी ही अट सगळ्याच जेएडीयूंना होती. 2026 पासून ती फक्त सामाईक बाथरूमवाल्यांना उरली. म्हणजे एका कमोडचा आणि शॉवरचा खर्च वाचवताना तुम्ही स्वतःला घराशी बांधून घेता. प्लंबिंग जवळ असेल तर ती काटकसर मला तरी पटत नाही. कायमचं इथेच राहायचं आहे आणि खोली फक्त आई-बाबांसाठी आहे, त्यांनी खुशाल सामाईक ठेवावं.

भाड्याचं म्हणाल तर पर्यटकांना चार-चार दिवसांसाठी देण्याचा विचार दोन्ही बाबतींत सोडून द्या. वेगळं विकायचं म्हटलं तर जेएडीयूला तो रस्ताच नाही. एडीयू मात्र काही शहरांत कॉन्डोसारखं, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या फ्लॅटसारखं, वेगळं विकता येतं. शेजारच्या सॅन होजेने 2024 मध्ये ते दार उघडलं.

आणि ‘यातलं एकच निवडा’ असंही नाही. एका सिंगल-फॅमिली प्लॉटवर एक एडीयू आणि एक जेएडीयू दोन्ही चालतात. मालमत्ता कराचीही धास्ती उगाच घेतात लोक: जुन्या घराचं मूल्यांकन तसंच राहतं, नव्या बांधकामाची भर तेवढी पडते.

आई-बाबांना स्वतंत्र चूल नकोच असेल, तर यातलं काहीही न करता तळमजल्यावर बाथरूमसकट एक बेडरूम वाढवा. त्याला साधं बांधकाम परमिट लागतं, करारनामा लागत नाही.

परमिट न काढता गॅरेजमध्ये आधीच कोणाला राहायला ठेवलेलं असेल आणि ते काम 1 जानेवारी 2020 पूर्वीचं असेल, तर ते नियमित करून घेण्याची वाट कायद्याने सोपी केली आहे. राहण्यास धोकादायक असल्याखेरीज शहराला असा अर्ज सहसा नाकारता येत नाही. शहराकडे जाण्याआधी परवानाधारक कंत्राटदाराकडून स्वतः तपासणी करून घेता येते. तिथेही ते एडीयू म्हणून दाखवायचं की जेएडीयू म्हणून, हे अर्जाआधी ठरवा.