क्लाउड महासंगणनासाठी इमेजची निवड

मोठी गणिते आता क्लाउडवर, म्हणजे कंपन्यांच्या दूरच्या यंत्रांवर, भाडे भरून करता येतात. असे भाड्याने घेतलेले यंत्र ज्या तयार साच्यातून उभे राहते, त्याला इमेज म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम, कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) आणि लागेल तेवढे सॉफ्टवेअर तिच्यात आधीच भरलेले असते. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६), सड्यावरचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि फर्मागुडीची आयआयटी (२०१६) यांच्यामुळे गोव्याला मोठी गणिते नवीन नाहीत. पावसात इथली वीज गेली तरी मुंबईतल्या यंत्रांवरचे गणित थांबत नाही, हा क्लाउडचा एक आयता फायदा.

लिनक्स घ्यायचे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप-५०० या जगातल्या सर्वांत वेगवान यंत्रांच्या यादीतले सगळेच महासंगणक लिनक्सवर आहेत. प्रश्न कोणत्या लिनक्सचा, एवढाच. पूर्वी डोळे झाकून सेंटओएस हे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवर बेतलेले फुकट लिनक्स घेत. त्याची आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ ला बंद पडली, सातवी ३० जून २०२४ ला. ती जागा आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स यांनी घेतली. दोन्ही २०२१ मधले, दोन्ही रेड हॅटशी सुसंगत. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे चालते. ती बहुतेकांच्या लॅपटॉपवर असते, म्हणून सोयीची वाटते.

खरी अडचण तिथेच होते. उबुंटू २२.०४ वर बांधलेला फोरट्रानचा प्रोग्राम आल्मालिनक्स ८ वर चढवला, की ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी) असा संदेश येऊन काम जागीच थांबते. लॅपटॉपवर ही लायब्ररी २.३५ असते, तिथे २.२८. जुन्यावर बांधलेले सहसा नव्यावर चालते, उलटे नाही. प्रोग्राम ॲपटेनर या साधनाने कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या लायब्रऱ्यांसकट एकाच गाठोड्यात, बांधून नेला तर ही कटकट मिटते. पण कंटेनर भांडीच घेऊन येतो, चूल यजमानाचीच: कर्नल आणि ड्रायव्हर इमेजमधलेच वापरावे लागतात.

थांबणारे काम त्यातल्या त्यात बरे, निदान कळते तरी. ॲमेझॉनच्या जलद जाळ्याचा, म्हणजे ईएफएचा, ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल तर एमपीआय, म्हणजे एकाच गणितावरच्या अनेक यंत्रांत निरोप पोचवणारी लायब्ररी, बऱ्याचदा मुकाट्याने टीसीपीवर, म्हणजे नेहमीच्या संथ जाळ्यावर, उतरते. गणित पूर्ण होते, उत्तरही बरोबर येते, फक्त वेळ आणि बिल दोन्ही फुगतात. म्हणून पहिल्या कामाआधी उपलब्ध जाळी दाखवणारी ‘एफआय_इन्फो’ ही आज्ञा चालवून यादीत ईएफए दिसते का, ते बघावे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवरच्या एचपीसी (महासंगणनाच्या) इमेजमध्ये इन्फिनिबँड या जलद जाळ्याचे ड्रायव्हर आणि एमपीआय तयार मिळतात. नवख्याने तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे. रिकाम्या इमेजवर सुरू होताना सगळे बसवत राहिले तर तेवढ्या वेळाचेही भाडे प्रत्येक यंत्रामागे लागते. त्यापेक्षा पॅकर या इमेज बनवणाऱ्या साधनाने एकदाच स्वतःची इमेज करून ठेवावी.

प्रोसेसरही बघावा लागतो: ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटन या एआर्म घराण्यातल्या प्रोसेसरवर एक्स८६ ची, म्हणजे इंटेल-एएमडी घराण्याची, इमेज सुरूच होत नाही. शिवाय ॲमेझॉनवर इमेजचा क्रमांक प्रदेशागणिक बदलतो. व्हर्जिनियातला क्रमांक मुंबईत चालत नाही, इमेजची प्रत मुंबईत करून नवा क्रमांक घ्यावा लागतो. स्क्रिप्टमध्ये ‘सर्वांत ताजी’ असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. मग एखाद्या सकाळी कर्नल बदललेला असतो, लस्टर या सामायिक डेटासाठवणीच्या प्रणालीचे मॉड्यूल त्याच्याशी जुळत नाही आणि कालपर्यंत दिसणारी डेटाची डिस्क आज जोडली जात नाही. प्रबंधाच्या वहीत प्रोग्रामच्या आवृत्तीशेजारी इमेजचा क्रमांक आणि प्रदेश लिहिलेला असेल, तर कालची इमेज पुन्हा उभी करता येते.