कंपवात: चालणं नेमकं कुठे अडतं?

"बाबा आळशी झालेत हो, नुसते बसून असतात." घरी येऊन फिजिओथेरपी देण्यासाठी आम्हाला बोलावणाऱ्या बऱ्याच घरांत पहिलं वाक्य हेच असतं. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही व्यायाम शिकवत नाही. अडतंय कुठे, ते बघतो.

1817 साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचं, म्हणजेच पार्किन्सन्स या आजाराचं, वर्णन 'कापरा लकवा' असं केलं. आजही सगळ्यांचं लक्ष कापणाऱ्या हाताकडेच जातं. चालणं मात्र बहुधा दुसऱ्याच कारणांनी बंद पडतं. मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी झालं की हालचाल मंदावते, आणि कित्येकदा काही करावंसं वाटणंच थांबतं. हे आजाराचंच लक्षण आहे, रागावून जाणारं नाही. उदासी, मोडलेली झोप, उठताना रक्तदाब उतरून येणारी चक्कर यांचाही त्यात वाटा असतो. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गोळीची वेळ. लेव्होडोपाचा, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाचा, असर असतानाचा माणूस आणि असर उतरल्यावरचा माणूस, यांत फार फरक. घरच्यांना सोयीचं म्हणून संध्याकाळी सहाला फिरायला नेलं आणि नेमका तेव्हाच असर संपत आला असेल, तर फिरणं चार दिवसही टिकत नाही. डाळ, दूध, पनीर यांच्याबरोबर घेतलेली गोळी काहींना नीट लागू होत नाही. ती जेवणाच्या किती आधी घ्यायची, हे न्यूरोलॉजिस्टना विचारा. आपल्या मनाने वेळा बदलू नका.

उंबरठ्याशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा हात धरून ओढू नका. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग "एक, दोन" म्हणत पाऊल. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या तर त्या ओलांडत चालणं अनेकांना सोपं जातं. काहींना भजनाचा ठेकाही पुरतो.

हा आजार पुरुषांत साधारण दीडपट जास्त आढळतो. त्यामुळे की काय, सल्लेही पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून दिले जातात: रोज बागेत जा! आजोबांबरोबर जायला बहुतेकदा आजी असतात; आजींनाच कंपवात झाला की सोबत कोणाची, हा प्रश्न घरात निघतच नाही. पडण्याची भीती बायकांना अधिक वाटते, आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत असल्याने ती उगाच नसते. लघवीची घाई होते, वाटेत धड स्वच्छतागृह नसतं. हे त्या सांगत नाहीत, "आज नको" एवढंच म्हणतात. "दिवसभर कामातच असते की मी," हेही खरंच. पण ओट्यापाशी पावलं छोटीच पडतात, आणि कंपवातात सराव हवा मोठ्या पावलांचा. पुरुषांना बऱ्याचदा लाज आडवी येते. चहाचा कप हिंदकळतो म्हणून कट्टा सुटतो, आणि कट्ट्यापर्यंतचं चालणंही.

"मला जमेल" असं वाटणाऱ्याचा व्यायाम टिकतो. म्हणून सुरुवात पाच मिनिटांनी करा. गटाचा आधार मोठा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात.

आमच्या भेटीआधी तीन दिवस गोळ्यांच्या आणि बरं वाटण्याच्या वेळा कागदावर लिहून ठेवा. घरात रोज वापरतात त्याच चपला दाखवा, भेटीसाठी नवे बूट आणू नका.