महास्फोटाआधी काय होतं?

फोंडा असो की डिचोली, खगोलशास्त्रावर व्याख्यान ठेवलं की शेवटी एक प्रश्न ठरलेला: "महास्फोटाआधी काय होतं?" महास्फोट म्हणजे 'बिग बँग', विश्वाची अतिउष्ण, दाट सुरुवात. विचारणाऱ्याला बहुधा देवाला जागा उरते का ते हवं असतं आणि वक्ता तापमान सांगत बसतो.

अर्थात ते तापमान भक्कम आहे. विश्व सुमारे 1380 कोटी वर्षांचं. ते 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना मोकळा सुटलेला प्रकाश ताणला जाऊन आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडे आहे, शून्याखाली सुमारे 270 अंश सेल्सिअस इतका थंड. 1964 साली पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात तो नकोशी खरखर म्हणून आला. त्यांनी आधी कबुतरांची घाण साफ करून पाहिली! केबल यायच्या आधी कौलांवरच्या अँटेनातून टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्यातल्या साधारण शंभरातली एक याच प्रकाशाची.

विश्व प्रसरण पावतंय असं 1927 मध्ये मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे स्वतः पाद्री. 1931 मध्ये त्यांनी सगळं एका 'आदिअणू'पासून सुरू झालं असं सुचवलं. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी विज्ञान आता निर्मात्याच्या बाजूने साक्ष देतंय, अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा लमेत्र खूश नव्हे, अस्वस्थ झाले. सिद्धान्त उद्या बदलू शकतो. श्रद्धा त्याच्या खुंटीला का टांगायची? पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो सूर लावला नाही.

लमेत्र काही जगावेगळं सांगत नव्हते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की विश्वाला आरंभ आहे हे तर्काने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेनेच मानायचं. अनादि विश्वही त्याच्या मते अस्तित्वासाठी देवावरच अवलंबून असतं. आपलं ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर त्याही पुढे जातं: सृष्टी कुठून आली हे परमव्योमातल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.

जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत आरंभ नसलेल्या विश्वाची बाजू आयुष्यभर लढवली. सूक्ष्मलहरींच्या पुराव्यापुढे ती बहुतेकांना पटली नाही. पटली असती तर व्याख्यानातला प्रश्न निकालात निघाला असता, कारण 'आधी' असं काही उरलंच नसतं. पण काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा तत्त्वज्ञ लायब्निझचा 1714 मधला प्रश्न मात्र होता तिथेच राहिला असता.