तीन घरांचं बहुमत

विसर्जन मिरवणूक संपून रस्ते झाडून होतात न होतात तोच पुण्यात दरवर्षीचा वाद सुरू होतो: डीजे हवा की नको. एका पक्षाचं म्हणणं, पब्लिकलाच डीजे हवाय, तुम्ही कोण अडवणारे? दुसऱ्याचं म्हणणं, त्या स्पीकरच्या भिंतींना अख्खं शहर वैतागलंय. गंमत अशी की बहुमत आपल्याच बाजूला असल्याची दोघांनाही खात्री असते आणि पुरावा मागितला की दोघेही मोबाइल पुढे करतात. "हे बघा ना, सगळे हेच लिहितायत."

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं: हा सगळा अल्गोरिदमचा खेळ. नाहीतर आयटी सेलचा. त्यांचा हातभार आहेच, नाही कोण म्हणतं? पण अल्गोरिदम बंद ठेवला, एकही खोटं खातं नसलं, कुणी एक अक्षरही खोटं लिहिलं नाही, तरीसुद्धा मूठभरांचं मत बहुमतासारखं दिसू शकतं. त्यासाठी एवढंच लागतं की काही माणसांच्या ओळखी अफाट असाव्यात आणि बाकीच्यांच्या बेताच्या. यामागचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गल्लीतला एक क्रिकेट संघ घ्या. ११ जण. कप्तानाची बाकीच्या दहाही जणांशी दोस्ती. इतरांचे प्रत्येकी दोनच दोस्त: एक कप्तान आणि एक नेटमधला जोडीदार. दहा जणांचे दोन-दोन म्हणजे २०, कप्तानाचे १०, एकूण ३०. भागिले ११, म्हणजे माणशी सरासरी २.७ दोस्त. आता कुठल्याही साध्या खेळाडूला विचारा, तुझ्या दोस्तांना किती दोस्त आहेत? कप्तानाला १०, जोडीदाराला २, सरासरी ६. म्हणजे ११ पैकी १० जणांना अगदी प्रामाणिकपणे वाटणार की आपल्यापेक्षा आपल्या दोस्तांची वट जास्त. कुणी फुशारकी मारलेली नाही की काही लपवलेलं नाही. संघाची डोकी मोजताना कप्तान एकदाच मोजला जातो, दोस्तांच्या याद्या चाळताना मात्र तो दहा वेळा भेटतो. स्कॉट फेल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये हे मांडलं. याला 'मैत्रीचा विरोधाभास' म्हणतात.

सूत्रांचं वावडं असलेल्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडावा. सगळ्या याद्या एकत्र केल्या तर ३० नावं होतात आणि त्या नावांपुढच्या दोस्तसंख्यांची बेरीज भरते १४० (दहा खेळाडूंच्या याद्यांमधून १२०, कप्तानाच्या यादीतून २०). सरासरी ४.७. हीच संख्या अशीही मिळते: मूळ सरासरी अधिक, विचरण भागिले मूळ सरासरी. विचरण म्हणजे आकडे सरासरीपासून किती फाकले आहेत त्याचं माप, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी. आपल्या संघात ते सुमारे ५.३ येतं. त्याला २.७ नं भागलं की जवळपास २, ते २.७ मध्ये मिळवले की पुन्हा ४.७ च्या आसपास. खरी मेख इथे आहे: विचरण कधीच ऋण नसतं. त्यामुळे सगळ्यांच्या ओळखी तंतोतंत सारख्या नसतील, तर हा फुगवटा येणारच. आणि तो किती येणार, हे कप्तान इतरांपेक्षा किती पुढे आहे यावर ठरतं.

आता गल्ली सोडा. विराट कोहलीचे एकट्या इन्स्टाग्रामवर २५ कोटींहून जास्त फॉलोअर आहेत, तुमचेआमचे दोन-तीनशे. म्हणजे विचरण, आकड्यांमधली तफावत, कुठल्या कुठे गेलं. ट्विटरवर २०१३ मध्ये हे तपासलं गेलं, तेव्हा ९८ टक्क्यांहून अधिक लोकांच्या बाबतीत हा विरोधाभास खरा ठरला.

ओळखींच्या जागी मत घातलं की गंमत वाढते. कोथरूडमधली २० घरांची एक सोसायटी समजा. तीन घरं डीजेवाली, सतरांना डीजे नको. पण ती तीन घरं आहेत चेअरमनचं, मंडळाच्या कार्यकर्त्याचं आणि नगरसेवकपदाच्या एका इच्छुकाचं, त्यामुळे तिघांचेही नंबर घरोघरी सेव्ह केलेले. उरलेल्या सतरांकडे या तिघांखेरीज फार तर एखाद्या शेजाऱ्याचा नंबर. सकाळी चहाबरोबर व्हॉट्सअॅपचे स्टेटस उघडले की चारपैकी तीन डीजेच्या बाजूचे. ७५ टक्के! प्रत्यक्षात पाठिंबा २० पैकी ३, म्हणजे १५ टक्के. सतराच्या सतरा जणांना आपण एकटे पडलोय असं वाटतं आणि सगळे गप्प बसतात. ते गप्प बसले की पुढच्या आठवड्यात तो एका शेजाऱ्याचा स्टेटसही दिसेनासा होतो आणि ७५ चे १०० होतात. क्रिस्टिना लर्मन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याला 'बहुमताचा भास' असं नाव दिलं. अट एकच: ज्यांच्या ओळखी जास्त, त्यांच्यातच ते मत जास्त असायला हवं.

शिवाय सगळे सारखं बोलतही नाहीत. अमेरिकेतल्या प्यू या सर्वेक्षण संस्थेला २०१९ मध्ये दिसलं की तिथल्या प्रौढ ट्विटरवाल्यांच्या एकूण ट्वीटपैकी ८० टक्के फक्त १० टक्के जण लिहितात.

४ सप्टेंबर २०२२ ला दुबईत आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला. तासाभरात असं चित्र उभं राहिलं की अख्खा देश त्याला गद्दार म्हणतोय. त्याच्या विकिपीडिया पानावर 'खलिस्तान' घुसवलं गेलं. असा बदल करायला एक माणूस आणि दोन मिनिटं पुरतात, बातमी मात्र देशाच्या संतापाची होते.

निवडणुकीच्या दिवसांत 'एवढ्या लाख लोकांनी मत नोंदवलं' असं कुणी सांगितलं की मला १९३६ ची अमेरिका आठवते. लिटररी डायजेस्ट मासिकाकडे २० लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या. त्यांच्या जोरावर मासिकानं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नमुना प्रचंड होता, पण टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांमधून काढलेला, आणि त्यातलेही उत्तर पाठवण्याची हौस असलेलेच मोजले गेलेले.

ज्योतिषाचं दुकानही याच भांडवलावर चालतं. बरोबर आलेलं भाकीत चार घरी सांगितलं जातं, चुकलेलं कुणी सांगत नाही. पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह याची चाचणी घेतली, तेव्हा त्यांनी सगळीच भाकितं मोजली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या, कोणती कोणाची ते ओळखा म्हणाले. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के येतात.

भासाची किंमत कधी कधी जिवानं मोजावी लागते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. एकच अफवा चार ग्रुपवर आली की माणूस तिला चार साक्षीदार समजतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. त्यानं निरोपाचा वेग कमी होतो, ते चांगलंच. पण वरच्या सूत्रात वेग कुठेच नाही, विचरण आहे. एका माणसाचा आवाज एका दमात किती जणांपर्यंत जातो, हा खरा प्रश्न. आणि त्याच कंपनीनं २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ केली.