त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका: एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गांच्या चाचण्यांविषयी

आमच्या लॅबच्या काउंटरवर नेहमी ऐकू येणारे एक वाक्य आहे: "मला तसा काही त्रास नाही, आपलं बघून घ्यावं म्हणून आलोय." बोलताना आवाज खाली गेलेला असतो, नजर फॉर्मवर खिळलेली असते. अशा प्रत्येकाला आम्हाला मनापासून सांगावेसे वाटते, की तुम्ही योग्य वेळी आलात. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या बऱ्याच संसर्गांमध्ये सुरुवातीला त्रास होतच नाही. झालाच, तर अनेकदा तो आपोआप थांबतो, आणि त्या थांबण्यानेच माणूस फसतो.

सिफिलिसचेच पाहा. जुनी माणसे याला गरमी म्हणतात. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक व्रण उठतो. हाताला टणक लागतो, पण सहसा दुखत नाही. योनीच्या आत, गुदद्वारात किंवा घशाकडे असला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाशिवाय भरून येतो आणि माणूस निर्धास्त होतो. आजार मात्र तोवर रक्तातून शरीरभर पसरलेला असतो. पुढे तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे पुरळ येऊ शकते; तेही जाते. उपचार झालेच नाहीत तर काही जणांमध्ये तो मेंदू, डोळे आणि हृदयापर्यंत पोहोचतो. हाच आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर सहसा पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया (परमा) स्त्रियांमध्ये बहुधा गुपचूप राहतात. अंगावरून जाणे थोडे वाढले, इतकेच. आत गर्भनलिकांना सूज येऊन त्या चिकटू शकतात आणि मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर मूळ कारण हाती लागते. दोन्ही प्रतिजैविकांनी बरे होणारे आजार आहेत. चिकटलेली नलिका मात्र गोळीने मोकळी होत नाही.

एचआयव्हीमध्ये दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ असे काही होऊ शकते. साधा व्हायरल ताप समजून ते विसरले जाते आणि पुढची कित्येक वर्षे तब्येत ठणठणीत दिसते. त्या काळात विषाणू सीडी४ पेशी, म्हणजे आजारांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, संपवत असतो. पूर्वी या पेशी ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत औषध सुरू करत नसत. लगेच औषध घेणाऱ्यांना गंभीर आजार कमी होतात हे मोठ्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की निदान झाले की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करावेत. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट अजून फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून इथे मुद्दाम सांगत आहोत.

आता तारखेचा हिशेब. धोका वाटणारा संबंध गेल्या ७२ तासांतला असेल, तर आधी आमच्याकडे नको, थेट डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधे असतात. ती ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. त्यानंतरचा काळ विंडो पिरियडचा. संसर्ग असतो, पण चाचणीत उमटत नाही. शिरेतले रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे, दोन्ही शोधणारी) १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. बोट टोचून होणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून आठव्या दिवशी आलेल्या 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' (संसर्गाची खूण न दिसलेल्या) रिपोर्टवर विसंबू नका. आम्ही पुढची तारीख लिहून देऊ, तोवर कंडोम वापरा.

रक्तदान करून 'आपोआप तपासणी होईल' असे कृपया करू नका. विंडो पिरियडमधले रक्त चाचणीतून निसटून दुसऱ्या रुग्णाला चढू शकते. तसेच, येण्याआधी मनाने प्रतिजैविके घेऊ नका. अर्धवट कोर्सने लक्षण दबते, आजार राहतो, आणि गोनोरियाचे जंतू आधीच अनेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत.

या रक्तचाचण्यांना उपाशीपोटी यायची गरज नाही. क्लॅमिडिया-गोनोरियासाठी लघवी द्यायची असेल तर किमान तासभर आधी लघवीला जाऊ नका आणि डबीत सुरुवातीचाच भाग घ्या. नेहमीच्या लघवी तपासणीत मधला भाग घेतात, त्या सवयीने नमुना चुकतो आणि पुन्हा यावे लागते. स्त्रियांसाठी योनीतून स्वॅब (कापसाच्या काडीने नमुना) घेणे अधिक चांगले; तो तुम्ही स्वतःही घेऊ शकता, कसा ते आमच्या ताई समजावून सांगतील. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झाले असेल तर तसे सांगा. घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीत दिसत नाही.

'रिअ‍ॅक्टिव्ह' (संसर्गाची खूण दिसली) हा शब्द वाचून कोसळू नका. पहिल्या चाचणीवर निदान होत नाही. वेगळ्या पद्धतीच्या चाचण्यांनी खात्री केली जाते. सिफिलिस पूर्वी होऊन बरा झाला असेल, तर त्याची टीपीएचए ही रक्तचाचणी बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडले का, हे सिफिलिसच्याच व्हीडीआरएल या दुसऱ्या रक्तचाचणीचा आकडा उतरतो का यावरून कळते.

गरोदर असाल तर एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही चाचण्या पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या. आईला वेळेत औषधे मिळाली, तर बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता अगदी थोडी उरते.

काही निघाले तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार हवेत, नाहीतर बरा झालेला संसर्ग परत येतो. घरी कसे सांगायचे हा सगळ्यात अवघड भाग असतो, याची आम्हाला जाणीव आहे. दोघांनी एकत्र यायचे असेल तर तसे सांगा, आतल्या खोलीत बसवून बोलू. नमुन्याच्या नळीवर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. हे रिपोर्ट आम्ही फोनवर सांगत नाही आणि तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही. येताना शेवटच्या संबंधाची तारीख तेवढी आठवून या. कोणाशी आणि का, हे आम्ही विचारत नाही.